एक वर्ष, तीन सिनेमे: १९६९ची ‘तरुण पिढी’ नक्की कुणाची?

साठच्या दशकातली अमेरिका म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीच चार-पाच चित्रं येतात. चिखलात नाचणारी लांब केसांची मुलंमुली, गिटार, कपाळावर बांधलेली पट्टी, दोन बोटांनी केलेली शांततेची खूण. आपल्याकडे त्यात थोडी भर पडते ती गोव्याच्या किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या हिप्पींची आणि देव आनंदच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ची (१९७१). ही चित्रं खोटी आहेत असं नाही. पण ती आपल्यापर्यंत आपोआप पोहोचलेली नाहीत. कुणीतरी कॅमेरा लावला, कुणीतरी पैसे घातले, कुणीतरी ढीगभर फुटेजमधून तीन तास निवडले आणि मग कुणीतरी ते पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं. तेव्हा कुठे ते ‘एका पिढीचं चित्र’ झालं.

माझ्या पीएचडीचा प्रश्न साधारण इथेच कुठेतरी आहे: एखाद्या काळातली ‘तरुणाई’ म्हणजे कोण, हे ठरतं कसं? आजच्या पोस्टमध्ये त्यासाठी तीन माहितीपट घेते आहे. तिन्ही १९६९ या एकाच वर्षात चित्रित झालेल्या संगीताच्या कार्यक्रमांवरचे आहेत. मायकल वॉडली यांचा ‘वुडस्टॉक’ (१९७०), अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स व शार्लट झ्वेरिन यांचा ‘गिमी शेल्टर’ (१९७०) आणि अहमिर ‘क्वेस्टलव्ह’ थॉम्पसन यांचा ‘समर ऑफ सोल’ (२०२१). पहिले दोन वर्षभरात पडद्यावर आले. तिसऱ्याला अर्धं शतक लागलं. हा फरक का पडला, आणि त्याने आपल्या डोक्यातल्या साठच्या दशकाचं काय झालं, हे बघायचं आहे.

आधी ती नेहमीची गोष्ट

अमेरिकी साठच्या दशकाची एक ठरलेली गोष्ट आहे. ऑगस्ट १९६९मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ, मॅक्स यॅसगर या दूधवाल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर चारेक लाख मुलं जमली, पाऊस पडला, खायचे वांधे झाले, तरीही सगळं शांततेत पार पडलं. हा झाला स्वर्ग. मग चार महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, कॅलिफोर्नियातल्या आल्टामॉन्ट इथल्या मोटारशर्यतींच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सचा मोफत कार्यक्रम झाला. तिथे सुरक्षेचं काम हेल्स एंजल्स या मोटरसायकल टोळीकडे होतं आणि स्टेजसमोर एका तरुणाचा भोसकून खून झाला. हा झाला पतन. निष्पापपणा संपला, दशक संपलं, पडदा पडला.

ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती घडलेली घटना वाटते. जोन डिडियनसारख्या बारीक नजरेच्या लेखिकेनेही साठचं दशक नेमकं कुठल्या दिवशी संपलं याची चर्चा केली आहे (तिच्या लॉस एंजेलिसमध्ये ते ऑगस्टमधल्या मॅन्सन टोळीच्या हत्यांनी संपलं). दशक कॅलेंडरवर संपतं. ते ‘मरतं’ तेव्हा कुणीतरी त्याची कादंबरी केलेली असते. आणि ‘वुडस्टॉक’ आणि ‘गिमी शेल्टर’ हे या कादंबरीचे पूर्वार्ध-उत्तरार्ध आहेत.

दोन्ही सिनेमे उत्तम आहेत, हे आधीच सांगून टाकते. वाईट सिनेमे मिथक तयार करत नाहीत. त्यासाठी चांगलेच लागतात.

‘वुडस्टॉक’: प्रेक्षक हाच हिरो

‘वुडस्टॉक’च्या संकलनाच्या टीममध्ये थेल्मा स्कूनमेकर आणि मार्टिन स्कोर्सेसी ही तेव्हा फारशी कुणाला माहीत नसलेली नावं होती. सिनेमाची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे पडद्याचे दोन किंवा तीन भाग करून एकाच वेळी वेगवेगळी दृश्यं दाखवणं. हे नुसतं दिसायला भारी म्हणून केलेलं नाही. एका चौकटीत गायक आणि शेजारच्या चौकटीत गर्दी, दोघांना सारखीच जागा. म्हणजे पडद्याची मांडणीच सांगते की इथे स्टेज आणि मैदान यांत मोठं-छोटं नाही. त्याआधीच्या संगीतपटांत प्रेक्षक म्हणजे टाळ्या वाजवणारे चेहरे. इथे प्रेक्षक हीच बातमी आहे.

पण सिनेमा काय करतो हे बघायचं तर क्रम बघावा. शा ना ना हा गट प्रत्यक्षात सोमवारी सकाळी, हेन्ड्रिक्सच्या लगेच आधी वाजवून गेला. सिनेमात तो रविवारच्या वादळाच्या आधीच येऊन जातो. स्लाय अँड द फॅमिली स्टोन शनिवारची रात्र सरून रविवार उजाडायच्या आत वाजवत होते. सिनेमात ते जवळजवळ शेवटी येतात. यात फसवणूक वगैरे काही नाही, सगळेच संकलक हे करतात. पण यातून एक चढता आलेख तयार होतो: येणं, अडचण, पाऊस, एकोपा, शिखर. प्रत्यक्षात तीन-चार दिवस पसरलेल्या, बऱ्याचशा कंटाळ्याच्या आणि रांगांच्या अनुभवाला कथानक मिळतं.

काय गळलं तेही बघू. पंडित रविशंकर १५ ऑगस्टच्या रात्री पावसात वाजवत होते. तबल्यावर उस्ताद अल्लारखा, तंबोऱ्यावर माया कुलकर्णी. १९७०च्या सिनेमात हे नाही. दोन वर्षं आधीच्या मॉन्टेरेच्या महोत्सवावरच्या सिनेमाचा शेवटच रविशंकरांच्या वादनावर होतो, त्यामुळे ही गैरहजेरी जास्तच जाणवते. स्वतः रविशंकरांना वुडस्टॉकचा अनुभव आवडला नव्हता. चिखलातल्या त्या गर्दीकडे बघून त्यांना डबक्यात डुंबणाऱ्या म्हशी आठवल्या, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे. ज्या पिढीला ‘भारतीय अध्यात्म’ हवं होतं तिच्याबद्दल एका भारतीय कलाकाराचं हे मत सिनेमाच्या आलेखात कुठे बसवणार?

आता एक गोष्ट जी समोर असूनही पटकन दिसत नाही. सिनेमात स्टेजवरचा पहिला मोठा परफॉर्मन्स रिची हेवन्सचा आहे. शेवटाकडे स्लाय आणि सगळ्यात शेवटी जिमी हेन्ड्रिक्स. म्हणजे दार उघडणारा आणि बंद करणारा, दोघेही कृष्णवर्णीय. मात्र ज्या गर्दीला सिनेमा ‘पिढी’ म्हणतो ती जवळपास पूर्ण गोरी आहे. संगीत एकाचं, पिढी दुसऱ्याची. ही फट सिनेमाला दिसते का? मला वाटतं, शेवटी अर्धवट दिसते. हेन्ड्रिक्स राष्ट्रगीत वाजवायला लागतो तेव्हा सोमवारची सकाळ आहे आणि बहुतेक लोक घरी गेले आहेत. १९६१-६२मध्ये अमेरिकी सैन्याच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये असलेला हा माणूस गिटारीतून राष्ट्रगीताच्या मधोमध बॉम्बचे आवाज काढतो, आणि आपल्याला कचऱ्याने भरलेलं, रिकामं होत चाललेलं मैदान दिसतं. अख्ख्या सिनेमातला सर्वात राजकीय क्षण असा, पिढी निघून गेल्यावर येतो.

संडास साफ करणारा माणूस आणि कार्ल मानहाइम

आता माझ्या मते ‘वुडस्टॉक’मधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग. त्यात संगीत नाही. एक मध्यमवयीन माणूस महोत्सवातले फिरते संडास साफ करतो आहे. कॅमेरा त्याच्या मागे मागे जातो, तो हसतमुखाने काम समजावून सांगतो. बोलता बोलता सांगतो की या पोरांसाठी हे काम करायला बरं वाटतं, माझाही एक मुलगा इथे आलाय. आणि दुसरा व्हिएतनाममध्ये आहे, हेलिकॉप्टर चालवतो.

बस्स. सिनेमा पुढे जातो. मी मात्र इथे अडकते.

समाजशास्त्रात ‘पिढी’ या कल्पनेवर बोलायचं तर कार्ल मानहाइम यांच्या १९२८च्या निबंधाला टाळून पुढे जाता येत नाही. त्यांचं म्हणणं सोप्या शब्दांत असं: एकाच काळात जन्माला आलात म्हणून तुम्ही आपोआप एक पिढी होत नाही. जन्मसाल तुम्हाला फक्त एका जागेवर उभं करतं. त्या जागेवरून तुम्ही त्या काळाच्या प्रश्नांत खरोखर ओढले गेलात तर पिढी तयार होते. आणि तरीसुद्धा त्या पिढीत वेगवेगळे गट असतात. प्रश्न तोच, पण त्याला दिलेली उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध. मानहाइम यांना ‘पिढीतले गट’ म्हणतात ते हे.

आता त्या संडासवाल्या काकांच्या घराकडे बघा. आईबाप एक, घर एक, वय साधारण जवळपासचं. एक मुलगा बेथेलच्या मैदानात, दुसरा व्हिएतनाममध्ये. मानहाइमच्या निबंधाला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. तेव्हा अमेरिकेत अठराव्या वर्षी सैन्यात भरती करता यायचं, मत द्यायला मात्र एकविसावं लागायचं (ते वय १९७१मध्ये २६व्या घटनादुरुस्तीने १८ केलं गेलं). कॉलेजात असलात तर भरती पुढे ढकलता यायची. म्हणजे कुणाच्या वाट्याला कुठलं १९६९ येणार, हे बऱ्याच अंशी खिसा आणि फी ठरवत होती. १ डिसेंबर १९६९ला तर भरतीसाठी जन्मतारखांची सोडतच काढली. ३६६ तारखा, काचेचं भांडं, आणि टीव्हीवर थेट प्रक्षेपण. आल्टामॉन्टच्या बरोबर पाच दिवस आधी. ‘दशक कधी संपलं’ असं विचारायचंच असेल तर ज्यांचा नंबर वर लागला त्यांना विचारायला हवं. पण त्या सोडतीवर कुणी संगीतपट काढला नाही.

या प्रसंगाला एक शेपूट आहे. त्या माणसाने पुढे सिनेमाच्या निर्मात्यांवर दावा लावला. आपलं काम करत असताना आपल्याला न विचारता सिनेमात वापरलं आणि त्यातून मनस्ताप झाला, ही त्याची तक्रार होती. १९७३मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की हे प्रकरण खटला न चालवता निकालात काढता येणार नाही. सिनेमाने त्या प्रसंगाचा उपयोग ‘बघा, जुनी पिढीसुद्धा आपल्या बाजूची आहे’ असा दिलासा देण्यासाठी केला. तो माणूस स्वतः त्या दिलाशाचा भाग व्हायला राजी नव्हता. घाण काढणारा माणूस पडद्यावर गोड दिसतो, टाळ्या घेतो, आणि त्याला काय वाटतं हे विचारायचं राहून जातं. आपल्याला हे काही अगदीच अनोळखी नाही.

‘गिमी शेल्टर’: पुरावा आणि माणूस

‘गिमी शेल्टर’ फार वेगळ्या बुद्धीचा सिनेमा आहे. त्याची रचना मुख्यतः शार्लट झ्वेरिन यांच्या डोक्यातून आली. सिनेमाच्या सुरुवातीलाच आपल्याला कळतं की शेवटी खून होणार आहे. मिक जॅगर आणि चार्ली वॉट्स एडिटिंग टेबलासमोर बसून तेच फुटेज बघतायत आणि आपण त्यांना बघताना बघतोय. म्हणजे ‘काय होणार’ ही उत्सुकता काढून टाकली. उरलं ते ‘कसं झालं’.

आणि ‘कसं झालं’ यात हा सिनेमा निर्दयपणे स्पष्ट आहे. ‘वुडस्टॉक’मध्ये व्यवस्थेचा गोंधळ हा निसर्गासारखा येतो, पावसाबरोबर. इथे फोन आहेत, वकील आहे, जागेची घासाघीस आहे. ऐनवेळी जागा बदलली. आधीच्या जागेसाठी ठरवलेलं बुटकं स्टेज नव्या जागी तसंच उभारलं, त्यामुळे लाखोंची गर्दी आणि गायक यांच्यात उंचीचं अंतरच राहिलं नाही. जेफर्सन एअरप्लेनच्या मार्टी बालिनला एंजल्सनी भर कार्यक्रमात बेशुद्ध होईपर्यंत मारलं. ग्रेटफुल डेड न वाजवताच परत गेले. म्हणजे ‘निष्पापपणाचा अंत’ वगैरे काव्य बाजूला ठेवलं तर हा ढिसाळ नियोजनाचा, बुटक्या स्टेजचा आणि चुकीच्या लोकांना दिलेल्या सुरक्षेच्या कामाचा परिणाम होता.

न्यूयॉर्करमध्ये पॉलीन केल यांनी सिनेमावर कडक टीका केली होती. हा सगळा कार्यक्रमच जणू कॅमेऱ्यासाठी घडवून आणला, असा त्यांचा रोख होता. मेझल्स बंधूंना तो मान्य नव्हता. माझा आक्षेप दुसरा आहे.

मेलेल्या मुलाचं नाव मेरेडिथ हन्टर. वय १८. कृष्णवर्णीय. अंगात हिरवट रंगाचा सूट, म्हणून गर्दीत उठून दिसतो. त्याच्या हातात पिस्तूल होतं, तेही फुटेजमध्ये दिसतं. फिल्म थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून डेव्हिड मेझल्स जॅगरला ते दाखवतात. ॲलन पसारो या एंजलवर खटला चालला, हेच फुटेज ज्यूरीला दाखवलं गेलं, आणि जानेवारी १९७१मध्ये स्वसंरक्षण मान्य करून त्याला निर्दोष सोडलं.

सिनेमा हे सगळं पुरावा म्हणून दाखवतो. पुरावा म्हणून तो प्रामाणिकही आहे. सुरुवातीच्या काही बातम्यांत खून ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ चालू असताना झाला असं छापून आलं होतं, कारण ‘सैतानाच्या गाण्यावर खून’ ही गोष्ट जास्त रंगते. सिनेमा दाखवतो की तो ‘अंडर माय थम’ चालू असताना झाला. पण पुरावा म्हटलं की माणूस ‘देह’ होतो. हन्टर कुठल्या घरातून आला, त्या दिवशी त्या बहुतांशी गोऱ्या गर्दीत, अशा टोळीच्या समोर, अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला खिशात पिस्तूल ठेवावंसं का वाटलं असेल, हे प्रश्न सिनेमाच्या चौकटीत येतच नाहीत. जॅगर खोलीतून निघून जाताना त्याच्या चेहऱ्यावर फ्रेम गोठते. म्हणजे शेवटचा प्रश्न ‘जॅगरला काय वाटलं?’ हा ठरतो.

आणि मग संस्कृतीच्या बाजारात या मृत्यूचं रूपक होतं: ‘साठच्या दशकाचा मृत्यू’. एका खऱ्या मुलाचा मृत्यू दुसऱ्यांच्या पिढीच्या दुःखाचं प्रतीक म्हणून वापरला गेला. खुद्द हन्टरच्या थडग्यावर कित्येक वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. सॅम ग्रीन यांनी २००६मध्ये त्यावर एक लघुपट केला. त्या लघुपटाचं नाव म्हणजे फक्त त्या थडग्याचा दफनभूमीतला नंबर: ‘लॉट ६३, ग्रेव्ह सी’. दगड त्यानंतर बसला.

‘समर ऑफ सोल’: जे हरवलं नव्हतं

त्याच उन्हाळ्यात, २९ जून ते २४ ऑगस्टच्या दरम्यान, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेममध्ये माउंट मॉरिस पार्कात (आता त्याचं नाव मार्कस गार्वी पार्क) सहा रविवारी मोफत कार्यक्रम झाले. हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल. सगळे रविवार मिळून तीनेक लाख लोक. स्टीव्ही वंडर, बी. बी. किंग, नीना सिमोन, महालिया जॅक्सन, ग्लॅडिस नाइट, आणि हो, वुडस्टॉकला वाजवणारे तेच स्लाय अँड द फॅमिली स्टोन. हॅल टल्चिन यांनी सुमारे ४० तासांचं व्हिडिओ चित्रण केलं. त्याचा पूर्ण लांबीचा सिनेमा व्हायला २०२१ उजाडलं. सनडान्समध्ये दोन मुख्य पारितोषिकं, पुढच्या वर्षी ऑस्कर.

सिनेमाच्या जाहिरातीत एक वाक्य सगळीकडे फिरलं: हे फुटेज ५० वर्षं तळघरात पडून होतं. ऐकायला छान. पण पूर्ण खरं नाही. १९६९मध्येच या महोत्सवाचे तासाभराचे खास कार्यक्रम अमेरिकी टीव्हीवर दाखवले गेले होते. नंतरही नीना सिमोनचे काही भाग इतरत्र वापरले गेले, आणि क्वेस्टलव्हच्या आधी इतरांनी या चित्रणाचा सिनेमा करायचा प्रयत्न केला होता. टल्चिन स्वतः ते विकायला फिरत होते, वुडस्टॉक गाजल्यावर ‘ब्लॅक वुडस्टॉक’ असं नाव लावूनसुद्धा.

हा मुद्दा मी सिनेमाची चूक काढायला सांगत नाहीये. ‘हरवलं आणि सापडलं’ ही गोष्ट खऱ्या प्रश्नाला फार सौम्य करून टाकते, म्हणून सांगतेय. हरवलं म्हटलं की दोष नशिबाचा. प्रत्यक्षात चित्रण होतं, त्याचा मालक होता, गिऱ्हाईक नव्हतं. ‘वुडस्टॉक’च्या मागे वॉर्नर ब्रदर्स उभे राहिले, सिनेमा चालला, अल्बम निघाले, दर दहा वर्षांनी वाढदिवस साजरे झाले. रेकॉर्ड होणं आणि लक्षात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लक्षात राहण्यासाठी पुन्हा पुन्हा दाखवावं लागतं, आणि पुन्हा दाखवायला पैसा लागतो. माझ्या थिसिसचं एक वाक्यात सार सांगायचं तर हे.

सिनेमा म्हणून ‘समर ऑफ सोल’ कसा आहे? दोन तक्रारी आहेत. एक, गाणं रंगात आलं की मध्येच कुणीतरी बोलायला लागतं. दोन, सगळ्या गोष्टींचा अर्थ लगोलग सांगून टाकायची घाई आहे. प्रेक्षकावर थोडा विश्वास ठेवला असता तर बरं झालं असतं.

पण जिथे तो जमतो तिथे बाकीच्या दोघांना न दिसलेलं काहीतरी दाखवतो. एक प्रसंग बघा. महालिया जॅक्सन तेव्हा ५७ वर्षांच्या, तब्येत बरी नाही. शेजारी मेव्हिस स्टेपल्स, ३० वर्षांची. गाणं आहे मार्टिन लूथर किंग यांचं आवडतं भजन, ज्याची फर्माईश त्यांनी गोळी लागण्याच्या काही क्षण आधी केली होती. किंगना जाऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. महालियाबाई मेव्हिसला सुरुवात करायला सांगतात, मग स्वतः घेतात, मग एकच माइक दोघींत फिरतो. दोन पिढ्या, एक माइक, एक शोक. इथे ‘जनरेशन गॅप’ कुठे आहे?

आणि गर्दी बघा. आज्या आहेत, कडेवर पोरं आहेत, चर्चमधून थेट आलेले लोक आहेत. वुडस्टॉकला जायचं म्हणजे घर सोडून, हायवे तुंबवून, आईबापांपासून लांब जायचं. हार्लेमचा महोत्सव घरापासून चालत जायच्या अंतरावर, रविवारी दुपारी, सगळ्या घरासकट. ‘युवा संस्कृती’ म्हणजे घरापासून तुटलेली संस्कृती हे समीकरण बेथेलचं आहे, अख्ख्या अमेरिकेचं नाही. घर सोडून बंड करायची चैन ज्यांना परवडते त्यांचं ते बंड. ज्यांच्या घरावरच संकट आहे त्यांचे तरुण घर धरून ठेवतात.

म्हणजे तिथे बदल नव्हता का? भरपूर होता, पण तो वेगळ्या जागी होता. सूटबूट जाऊन दशिकी आली, सरळ केलेले केस जाऊन आफ्रो आला. स्लायच्या बँडमध्ये ट्रम्पेट बाईच्या हातात आणि ड्रमवर गोरा मुलगा, हे बघून हार्लेमच्या प्रेक्षकांनाही जरा धक्का बसला, हे सिनेमा प्रांजळपणे सांगतो. न्यूयॉर्क टाइम्समधल्या पत्रकार शार्लेन हन्टर-गॉल्ट सांगतात की ‘नीग्रो’ऐवजी ‘ब्लॅक’ हा शब्द छापून यावा म्हणून त्या संपादकांशी भांडल्या. याच बाई १९६१मध्ये जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश घेणाऱ्या पहिल्या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी एक. हॉस्टेलबाहेरचा गोंधळ ऐकू येऊ नये म्हणून त्या खोलीत नीना सिमोनच्या रेकॉर्ड लावायच्या. संगीत ऐकणं ही इथे मौज नाही, टिकून राहायची सोय आहे. ‘वुडस्टॉक’च्या कुठल्याही चौकटीत तुम्हाला हा श्रोता भेटत नाही.

अजून एक. २० जुलै १९६९, माणूस चंद्रावर उतरला तोच रविवार. वार्ताहर पार्कात जमलेल्यांना विचारतो, कसं वाटतंय? लोक शांतपणे सांगतात की तो पैसा इथल्या गरिबांवर खर्च झाला असता तर बरं. देशाच्या सर्वात मोठ्या क्षणाला ‘आपला’ न म्हणणारे हे लोक त्या काळात तिथेच होते, कॅमेऱ्यात बोलत होते. आपल्याला ते भेटायला बावन्न वर्षं लागली.

मग याचं करायचं काय?

तिन्ही सिनेमे शेजारी ठेवले की एक गंमत दिसते. ‘गिमी शेल्टर’ आणि ‘समर ऑफ सोल’ दोन्हींत माणसं स्वतःचं जुनं फुटेज बघतात. पहिल्यात ते बघणं म्हणजे चौकशी. दुसऱ्यात लहानपणी त्या पार्कात गेलेला एक माणूस ते बघतो आणि त्याला पटतं की आपली आठवण खरी होती, आपल्याला भास होत नव्हते. एखाद्या समाजाचा आनंद जर कुठेच नोंदला नसेल, तर त्या समाजातल्या माणसाला स्वतःच्याच आठवणीवर शंका यायला लागते. आर्काइव्ह हा विषय कंटाळवाणा वाटतो खरा, पण पणाला इतकं लागलेलं असतं.

हे फक्त गाण्याबजावण्याचं नाही. ४ मे १९७०ला केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. ते जगाला माहीत आहे, त्याचा फोटो, त्यावरचं गाणं सगळं माहीत आहे. अकरा दिवसांनी मिसिसिपीमधल्या जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले. ते किती जणांना माहीत असतं? दोन्हीकडे मेलेले तरुणच होते. पण ‘तरुण पिढीवर गोळीबार’ हे शीर्षक एकालाच मिळालं.

मराठी वाचकाला यातला एक धागा ओळखीचा आहे. हार्लेमच्या त्या महोत्सवात काही वेळा बंदोबस्ताला ब्लॅक पँथरची पोरं उभी होती. १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्यांचंच नाव घेऊन. म्हणजे ज्या अमेरिकेकडे वरळी-नायगावातली मुलं बघत होती ती वुडस्टॉकची अमेरिका नव्हती. गोव्याच्या किनाऱ्यावर एक १९६९ उतरलं आणि मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांत दुसरं. आपल्या सिनेमाने मात्र पहिल्याचीच दखल जास्त घेतली, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

शेवटी एक साधी सवय सुचवते. कुठल्याही काळाबद्दल ‘तेव्हाची तरुण पिढी’ असं वाक्य वाचलंत की तीन प्रश्न विचारा. कॅमेरा कुठे लावला होता? त्याचे पैसे कुणी दिले? आणि संडास कोण साफ करत होतं? मानहाइमचा निबंध वाचायचा कंटाळा आला तरी चालेल, हे तीन प्रश्न बरंच काम करतात.

बघायचे असतील तर तिन्ही सिनेमे बघा, पण क्रम उलटा ठेवा: आधी ‘समर ऑफ सोल’, मग ‘गिमी शेल्टर’, शेवटी ‘वुडस्टॉक’. हार्लेममध्ये भेटलेला स्लाय शेवटी वुडस्टॉकच्या स्टेजवर दिसेल, तेव्हा समोरच्या गर्दीकडे तुम्ही नक्की वेगळ्या नजरेने बघाल.